आठे नही, तठे

दोंडाईच्याच्या उपकेंद्रात रुजू झाले तेव्हा
कुंपणापलीकडे मिरची वाळत घातलेली,
लाल, नजर पोचेल तिथवर.
कंट्रोल रूमचं कपाट उघडलं
आणि ड्रॉइंगच्या आधी शिंक आली.

चौऱ्याऐंशी पानं.
घड्यांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पुन्हा चिकटपट्टी.
पान एकोणचाळीसवर चहाच्या पेल्याचं वर्तुळ,
जे मला पहिल्या दिवशी खरंच एखादं चिन्ह वाटलं
आणि मी ते सूचीत शोधत बसले.

हिलाल बोरसे हसले नाहीत.
निवृत्तीला चार महिने,
चष्म्याची काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली.
म्हणाले, मॅडम, एक ध्यानात ठेवा,
कागदावर अजून वीज आलेलीच नाही.
इथला प्रत्येक कॉन्टॅक्ट काढलाय तो
कुणी बटण दाबायच्या आधीचा.
उघडा दिसला म्हणून उघडा समजू नका.
बारशाचा फोटो हातात घेऊन
बाजारात माणूस शोधायचा, तसं हे काम.

शिरपूरच्या कॉलेजात मी हे शिकले होते,
दोन मार्कांना.

ते बोटानं वाचत नसत, माचिसच्या काडीनं वाचत.
डावीकडून निघायचं, धनाकडून,
फ्यूज, स्विच, रिले, एकेका दारात थांबत
ऋणापर्यंत पोचायचं.
रेघ पानाच्या काठाशी तुटली
की तिथे बारीक आकडे: सात, चार.
सातवं पान, चौथा रकाना.
"मामाना गावले जावानं शे ना,
मंग गाडी बदलनी पडस."
काडी उचलायची. पान उलटायचं. पुन्हा टेकवायची.
घाई केलीत तर भलत्याच गावाला उतराल,
हे मात्र ते मराठीत म्हणाले, साहेबी सुरात.

मेअखेर ते गेले. शाल, नारळ, एक भिंतीवरचं घड्याळ.

जानेवारीत, रात्री पावणेदोनला,
दोन नंबर ट्रान्सफॉर्मरचे पंखे लागेनात.
गव्हाला पाण्याची पाळी रात्रीचीच,
सगळ्या मोटारी चालू,
तेलाचं तापमान चढतंय.
पान एकोणचाळीस.
तार के-एकवीस, टर्मिनल चौदा.

चौदावर काही नव्हतं.
एक रिकामा स्क्रू, त्यावर धूळ.
कागद म्हणत होता आहे,
पॅनेल म्हणत होतं नाही,
आणि दोघांच्या मधे मी,
टेस्टर हातात, स्वेटर उलटा घातलेला.

टॉर्च तिरपा झाला म्हणून दिसलं,
पेल्याच्या वर्तुळाच्या आत
शिशाची पुसट चमक:
आठे नही, तठे.
एक बाण. टोकाला ३१.
खाली हि. बो., ९-११-९८.

एकतीसवर के-एकवीस होती.
स्क्रू ढिला. अर्धा फेरा आवळला.
बाहेर अंधारात पंखे
एकामागून एक बोलायला लागले.

मी तशीच बसून राहिले, पानाकडे बघत.
कोपऱ्यातल्या चौकटीत तीन खाने:
काढले, तपासले, मंजूर.
तिन्ही सह्या एकाच तारखेच्या, एकाच शाईच्या.
ज्यानं तार कुठे आहे ते पाहिलं
त्याच्यासाठी खाना नाही.

सकाळी फोन केला.
"मी लिहिलं? व्हय, असेल.
चौदाचा आटा गेला होता."
एवढंच. मग विचारलं,
मिरचीचा भाव काय चाललाय.
मग म्हणाले, आता नीट काढा ते ड्रॉइंग, सही तुमची करा.

काढलं. चौदाची रेघ एकतीसला नेली.
शेऱ्याच्या रकान्यात: प्रत्यक्षानुसार.
जुन्या पानावर नियमाप्रमाणे रद्दचा शिक्का,
पेन्सिलीपासून चार बोटं लांब.
पंख्यांचा कॉन्टॅक्ट उघडाच ठेवलाय,
वीज अजून यायचीय असा.

चहाचं वर्तुळ गाळलं.
त्याचं जरा वाईट वाटतंय.